जोनच्या बाबांची जपानी वही

शनि. ३ ऑगस्ट

सकाळी मागे कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात कुंपणावरून जोनची हाक. "शूब्स! तुला जपानी येतं ना?" अकरा वर्षं शेजारी राहतोय, शुभदाचं शूब्स होऊनही दहा झाली, पण जपानीचं मी तिला कधीच बोलले नव्हते. हे स.चं काम. आमचा नवरा स्वतःचं कौतुक मेलं तरी करणार नाही, माझं मात्र कुंपणापलीकडे वाटत असतो.

"येत होतं," म्हटलं. पुण्याच्या कंपनीत सात वर्षं जपानी क्लायंट आणि आपली पोरं यांच्या मधे उभी होते, दोन्हीकडून बोलणी खात. त्यालाही सोळा वर्षं झाली. इथे ऑस्ट्रेलियात हॉस्पिटलच्या आयटीत दिवसभर लोकांचे पासवर्ड बदलून देते, त्यात जपानीचा काय संबंध.

जोन महिनाअखेर घर सोडून दक्षिणेला, समुद्राकाठच्या रिटायरमेंट व्हिलेजमध्ये राहायला जातेय. घरभर खोकी. त्यातून तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि डब्यातून निळ्या पुठ्ठ्याची वही. तिच्या बाबांची. लेस त्यांचं नाव. दुसऱ्या महायुद्धाआधी ते जपानमध्ये, कोबेला, लोकरीच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते, तिथे जपानी शिकले. म्हणून लढाईत सैन्याने त्यांना पकडलेल्या जपानी शिपायांची चौकशी करायला बसवलं. वही खरं तर सैन्याची. लेसनी परत केली नाही.

पहिलं पान इंग्लिश, पेन्सिलने: "कैदी. नाव: त्याने सांगितलेलं. धंदा: सुतार. जबडा मोडलेला, बोलता येत नाही. लिहून उत्तरं देईल." पुढे सगळं जपानी, दोन हस्ताक्षरांत. एक प्रश्नांचं, एक उत्तरांचं.

जोन नेहमी थट्टेत बोलते. आज नाही. "केव्ह लहानपणापासून सांगत आलाय, डॅड त्यांना बरोबर बोलायला लावायचा." (केव्ह म्हणजे धाकटा भाऊ, पर्थला असतो.) "मी सत्त्याहत्तरची झाले, शूब्स. तो जबडा कोणी मोडला, एवढंच मला शोधून दे. डॅडने मोडला असेल तर वही लाल बिनमध्ये, कचऱ्यात. नसेल तर म्युझियमला देईन."

"नो वरीज," म्हणून आले. मग किचनमध्ये उभी राहून वही उघडली आणि पहिल्या ओळीलाच घाम फुटला.

रवि. ४ ऑगस्ट

माळ्यावरून पुण्याची डिक्शनरी शोधली. शोधताना स.ची हरवलेली क्रिकेटची पँट सापडली, त्याचा आनंद माझ्या डिक्शनरीपेक्षा मोठा.

लिखाण जुनं आहे. फोनवरच्या अॅपला एक ओळ दाखवली, तर म्हणालं, "कृपया लाकूड प्रेमाने खा." अॅप बंद. हाताने करायचं.

सुतारबुवांचं अक्षर मात्र सरळ, ठसठशीत, शाळा कमी झालेल्या माणसाचं. अवघड अक्षरं फारशी नाहीत, देव त्यांचं भलं करो. नाव मी शोधणारच नाही. बहुतेक कैदी खोटंच नाव सांगायचे, घरी कळू नये म्हणून. पकडलं जाणं म्हणजे त्यांच्याकडे मेल्याहून मेलं. म्हणून लेसनीही "त्याने सांगितलेलं" असंच लिहिलंय. मी आपलं सुतारबुवा म्हणणार.

लेसचा पहिला प्रश्न लावायला मला पाऊण तास लागला. मला वाटलं, तुकडी कुठली, किती माणसं, तोफा कुठे. तर प्रश्न होता: "पेज फार गरम असते का?"

उत्तर: "गरम नाही. पातळ आहे."

खाली लेसनी लिहिलंय: "सांगतो त्यांना."

एवढं वाचून मीच उठून मऊ भात टाकला.

सोम. ५ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. दिवसभर उपास, आणि बरोबर आजच जोनने खिमा भरलेले सॉसेज रोल आणून दिले. ते तन्वीने खाल्ले. तन्वी युनिहून आली की मांजरासारखी आधी ओटा हुंगते. वहीबद्दल सांगितलं तर म्हणाली, "दॅट्स सो कूल, मम," आणि रोल घेऊन खोलीत. आमचा इतिहासाचा तास संपला.

मंगळ. ६ ऑगस्ट

आज बिनचा ट्रक. कामावर निघताना मी जोनच्या लाल बिनमध्ये डोकावून पाहिलं. वही माझ्याकडेच आहे हे माहीत असून. समोरचा ग्रीक म्हातारा पाहत होता. त्याला हात केला.

गुरु. ८ ऑगस्ट

सापडलं!!

पान सात. लेस विचारतात, "जबडा कधी मोडला?" मी श्वास रोखून एकेक शब्द लावला. सुतारबुवा लिहितात: बाँब पडला, झाडाची फांदी तुटून तोंडावर आली, तुकडी पुढे निघून गेली, तीन दिवस जंगलात पडून होतो. तुमच्या माणसांनी झोळीत घालून आणलं. मारून टाकतील म्हणून डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा एक जण माझ्या पायाच्या जळवा काढत होता.

तीनदा तपासलं. फांदी म्हणजे फांदीच. मग कॅन्टीनमधून सरळ जोनला फोन. "फांदी! जोन, फांदी!" शेजारच्या टेबलावरच्या नर्सने माझ्याकडे काळजीने पाहिलं.

संध्याकाळी गेले तर जोन उलट्या खोक्यावर बसलेली, डोळे लाल, हातात शेरीचा ग्लास. म्हणाली, "साठ वर्षं मी त्या माणसाच्या हातांकडे बघायचे, शूब्स. जेवताना. सुरी धरली की." आणि मग इतकी हसली की खोकं बसलं. तिला उठवता उठवता मीही खाली. दोघी लिनोलियमवर. शेरी सांडली नाही, हे तिचं कसब.

मला फार बरं वाटलं. सोळा वर्षांनी जपानी कुणाच्या तरी कामी आलं.

रवि. ११ ऑगस्ट

पुढचं वाचत सुटलेय. जबड्याचं झालं, खरं तर काम संपलं, पण आता मला राहवत नाही. जोनही म्हणाली, वाच, सगळं वाच.

आजचा शोध: लेस फार पोचलेला माणूस! पान अकरावर एका जपानी घराचं दार काढलंय. चित्र मुद्दाम चुकीचं. दार सरकायचं ते बिजागरीवर लावलंय. खाली सुतारबुवांची नुसती चिडचिड, असं दार असतं का, आणि शेजारी स्वतः नीट काढून दाखवलंय, मापांसकट. दुसऱ्या पानावर लेसनी काढलेली होडी, ती तर पाण्यात टाकताच बुडेल. सुतारबुवांनी तीही दुरुस्त केली. मग ओसरी. मग पूल. प्रत्येक चित्रात काहीतरी ढळढळीत चूक, आणि सुतारबुवा प्रत्येक वेळी पेन्सिल घेऊन तुटून पडतात. धमकी नाही, दम नाही, प्रश्नसुद्धा नाही. आणि पकडले गेलात तर काय बोलायचं नाही, हे त्या बिचाऱ्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, कारण पकडलेच जायचं नव्हतं.

स.ला दाखवलं. तो डोंबिवलीचा. म्हणाला, "यात काय विशेष? पुण्यात पत्ता असाच काढतात. चुकीचा सांगायचा. मग पुणेकर गाडीतून उतरून बरोबर सांगतो, वर दहा मिनिटं इतिहास."

मी म्हटलं दहा नाही, पाच. तो जो हसत सुटला. मला कळायला अर्धं मिनिट लागलं.

बुध. १४ ऑगस्ट

जोनला चित्रं दाखवली. मोबाईलवर मोठी करकरून पाहत होती. "डॅडला साधं घर काढता यायचं नाही असं आम्हाला वाटायचं. आमच्या शाळेच्या वहीत इतकी भयंकर गाय काढली होती की मीच पुसून नवी काढली." मग थांबली. "मेला. माझ्याकडून गृहपाठ करून घेतला."

शनि. १७ ऑगस्ट

सिडनीला. आधी वेंटवर्थव्हिलला वाणसामान (साबुदाणा, भाजणी, गणपतीसाठी गूळ), मग केलीव्हिलला मैत्रिणीकडे, माधुरीकडे, जेवण. स.ची शिफ्ट, म्हणून एकटीच ट्रेनने. डब्यात शांत वाचता येईल म्हणून वहीच्या उरलेल्या जपानी पानांचे फोटो काढून घेतले होते.

वाचायला नको होतं, असं म्हणणार नाही. पण ट्रेनमध्ये नको होतं.

पान सत्तावीस: जेटीचं चित्र. समुद्रकाठची लाकडी जेटी, लेसनी काढलेली, पुन्हा चुकीची. खांब तिरके, तोंड भलत्या दिशेला. सुतारबुवा लिहितात, ही जेटी मी स्वतः बांधली. माझ्या हाताखाली दहा जण होते. खांब असे लावले तर एका भरतीत जातील. आणि मग सगळं काढून दिलंय: कुठल्या खाडीत, झाडं वाकवून वरून कशी झाकलीय, किती लांब, होड्या कुठून लागतात. सुंदर चित्र. अभिमानाने काढलेलं, ते ओळीओळीत दिसतं.

पुढची चार पानं कोरी. मग शेवटचं पान. इथे लेसचा प्रश्न नाही, सुतारबुवांनीच आधी लिहिलंय. जसं लागलं तसं:

"आज तुम्ही पीचचा आख्खा डबा आणलात आणि माझ्याकडे पाहिलं नाहीत. म्हणजे जेटी गेली. कैद्याने विचारू नये. पण ती मी बांधली आहे. पहाटे भरतीला माल उतरतो. त्या वेळी जेटीवर माणसं होती का? कृपा करून सांगा."

खाली लेसचं अक्षर. "आजची हवा" एवढंच लिहून खोडलंय. मग "तुमचा जबडा" खोडलंय. मग "मी". तेही खोडलंय. त्यानंतर काही नाही.

माधुरीकडे मसालेभात उत्तम होता. सगळे विचारत होते, गप्प का. डोकं दुखतंय म्हटलं.

रवि. १८ ऑगस्ट

जेटीचं चित्र पाहून झाल्यावर जोनने विचारलं, "शेवटच्या पानावर काय?"

मी म्हटलं, "आभार मानलेत. पीच दिल्याबद्दल."

सुचलं आणि बोलून मोकळी झाले. पुण्याची जुनी सवय. क्लायंट म्हणायचा, हे काम कचरा आहे. मी पोरांना सांगायचे, त्यांना थोड्या सुधारणा हव्यात. पोरं म्हणायची, हा माणूस वेडा आहे. मी क्लायंटला सांगायचे, टीम विचार करतेय. सात वर्षांत एकही भांडण झालं नाही. बॉस मला साजूक तूप म्हणायचा, कुठेही ओता, सगळं गिळलं जातं.

आणि खोटं तरी कुठे? पीच होतेच.

जोन खूश. "आभार! केव्हला सांगते!" माझ्यासमोरच फोन लावला.

सोम. १९ ऑगस्ट

उपास. त्यात अपराधी वाटतंय, म्हणजे डबल उपास. राहवेना म्हणून तन्वीला सांगितलं. तिने कानातलं काढून पूर्ण ऐकलं, हे वर्षात पहिल्यांदा. म्हणाली, "मम, दॅट्स लिटरली लायिंग."

"अगं, म्हातारं माणूस आहे. आता दहा दिवसांत घर सोडून चाललीय. कशाला उगाच?"

"बट शी आस्क्ड यू."

मी ओटा पुसायला घेतला, पुसलेलाच होता तरी.

गुरु. २२ ऑगस्ट

वाढतच चाललंय. म्युझियमची बाई पुढच्या बुधवारी वही पाहायला येतेय. जोनला आता माझ्याकडून भाषांतर टाइप करून हवंय, खाली सही. "शेवटचं आभाराचं पान मोठ्या अक्षरात. काचेखाली लावतील." स.ने सुचवलं की पान फाटलंय म्हण. याला इंजिनिअर कोणी केलं!

रात्री टाइप करायला बसले. सगळं झालं, शेवटचं पान सोडून. तिथे कर्सर लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडे बघत. लेसनी तीनदा खोडलं. माझ्याकडून तर एकदाही खरं लिहवेना.

शनि. २४ ऑगस्ट

जोनकडे कपबशा बांधायला गेले होते. ती वर्तमानपत्राचे कागद फाडून देत होती, मी गुंडाळत होते. निवांत चाललं होतं. तिने बशी उजेडात धरली आणि म्हणाली, "बरं झालं बाई. त्या जेटीचं काय झालं हे बिचाऱ्या सुताराला कधी कळलंच नाही."

आणि मी! मी म्हटलं, "नाही गं, कळलं ना त्याला, पीचच्या डब्यावरून तर—"

कप हातात तसाच.

जोन म्हणाली, "पीचच्या डब्यावरून काय, लव्ह?"

तिचा चेहरा पाहिला आणि कळलं, तिने मला लेससारखं चुकीचं दार काढून दाखवलं होतं. मी पेन्सिल घेऊन धावले होते.

म्युझियमसाठी मी परत आणून दिलेली वही तिने मागे उलटी केली. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत लेसचं बारीक अक्षर, इंग्लिश, पेन्सिल. मी जपानी पानांचेच फोटो काढले होते, तिकडे पाहिलंच नव्हतं. "जेटी उद्ध्वस्त. माल उतरवणं चालू असताना." जोनने हे डॅड गेले त्या आठवड्यात वाचलं होतं. म्हणजे निम्मं तिला तेव्हापासून माहीत. आणि मी तिला पीच खिलवत होते.

"मासे कुठे लागतात हे कोळी कधी सांगत नाहीत," ती म्हणाली. "त्यांना चुकीची जागा सांगायची. मग ते हसतात आणि खरी सांगतात. डॅडने शिकवलं. तू मनाने फार चांगली आहेस शूब्स, पण खोटं तुला अजिबात जमत नाही. कान लाल होतात."

मला रडू आलं. सॉरी म्हटलं. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "आईने मला जन्मभर चांगलं चांगलं तेवढं सांगितलं. म्हणून तर मी घरच्या माणसाला विचारलं नाही, तुला विचारलं."

मग पाटावर बसावं तशी मी खोक्यावर बसले आणि शेवटचं पान वाचलं. आधी जपानीत, ती म्हणाली म्हणून. मग सावकाश इंग्लिशमध्ये. खोडलेल्या तिन्ही शब्दांसकट. काही गुळगुळीत केलं नाही.

तिने पानावर हात ठेवला. मग म्हणाली, "वाच परत. त्याचा प्रश्न."

वाचला. चार वेळा वाचला. घरी येऊन स.च्या खांद्यावर डोकं ठेवून बसले. त्याने एकही विनोद केला नाही, आणि हे त्याला केवढं कठीण गेलं असेल ते मलाच माहीत.

सोम. २६ ऑगस्ट

जोनने केव्हला फोन केला, स्पीकरवर, मला शेजारी बसवून. सगळं सांगितलं. पलीकडून केव्ह, "म्हणजे मारलं नाही त्याने?"

"नाही. हातसुद्धा लावला नाही."

"राइट." मग तो म्हणाला, "आठवतं का तुला, सगळे जेटीवर गळ टाकून बसायचे आणि डॅड आम्हाला घेऊन पार टोकाच्या खडकांवर जायचा? मी विचारायचो, म्हणायचा, जेटीवर मासे नाहीत."

जोन म्हणाली, "तिथे भरपूर मासे होते."

दोघं मग मासे, गळ, कुठलासा कुत्रा यावरच बोलत बसली. हसत होती. तासभर. असं दोघं किती दिवसांनी बोलली कोण जाणे. मी हळूच उठून सॉसेज रोल भाजायला टाकले. आज उपास होता हे एक खाल्ल्यावर आठवलं. शंकराला सांगितलं, चूकभूल द्यावी घ्यावी.

बुध. २८ ऑगस्ट

म्युझियमची बाई आली होती. छान होती, पांढरे हातमोजे घेऊन आलेली. जोनने तिला चहा दिला, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक दिले, चित्रं दाखवली. भयंकर दार आणि बुडणारी होडी पाहून बाई इतकी हसली की हातमोज्यावर खोबरं. मग तिने विचारलं, वही आजच नेऊ का.

"अजून पूर्ण झालेली नाही," जोन म्हणाली.

बाईला वाटलं भाषांतर. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, नो वरीज, टेक युअर टाइम. भाषांतर तर माझ्या पर्समध्ये होतं, शेवटच्या पानासकट, सही करून. मी जोनकडे पाहिलं. ती चहात साखर ढवळत होती. ती साखर घेत नाही.

शुक्र. ३० ऑगस्ट

संध्याकाळी जोन कुंपणाशी. हातात काउन्सिलचं जुनं पाकीट आणि पेन्सिल. "'हो, होती' हे जपानीत कसं लिहितात?"

मी पाकिटाच्या मागे लिहून दिलं. हाइ, इमाशिता. सहा अक्षरं आणि एक स्वल्पविराम.

"एवढंच?"

"एवढंच."

"अवघड शब्द आहेत का हे? डॅडला येत नसतील असं होईल का?"

तोंडावर आलं होतं, जुनं जपानी वेगळं गं, तेव्हा लिहायची पद्धत निराळी. खोटं नाही, नुसतं साजूक तूप. गिळलं. म्हटलं, "नाही जोन. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. त्यांना येत होते."

तिने मान हलवली. "मला वाटलंच." मग कुंपणाच्या फळीवर पाकीट ठेवून ती गिरवू लागली. पहिल्यांदा अक्षरं पार कोलमडली. दुसऱ्यांदा बरी. मी कुंपणावरून हात घालून चौथं अक्षर कसं वळवायचं ते दाखवलं. पाकीट भरलं तर तिने बिलाच्या कागदामागे सुरू केलं. अंधार पडेस्तोवर बाई गिरवतेय. स. आतून ओरडत होता, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, किती झाल्या. मोजतंय कोण.

शनि. ३१ ऑगस्ट

ट्रक सकाळी आठला आला आणि दहाला गेला. इतक्या वर्षांचं घर दोन तासांत रिकामं. जोनला मी आमच्या गाडीतून नेलं. रस्ताभर बडबडत होती, कुठल्या वळणावर कोणाशी लग्न ठरता ठरता मोडलं वगैरे. वही मांडीवर. खोक्यात घालू दिली नव्हती.

नवी जागा छान आहे. लहान, उजेडाची, बाल्कनीतून समुद्र. आम्ही आधी किटली काढली, मग दोन कप, बाकीचं बघू म्हटलं. शेजारच्या म्हातारबुवांनी दारातून डोकावून स्वागत केलं आणि पत्ते खेळता का विचारलं. जोन म्हणाली, अजिबात येत नाहीत. त्यांनी लगेच खुर्ची ओढून नियम समजावायला घेतले. माझ्याकडे बघून तिने डोळा मारला. आठवड्याभरात ही बाई त्या माणसाला कंगाल करणार.

ते गेल्यावर मी निघाले. दारात ती माझ्या गळ्यात पडली, कुंपण मधे नसताना पहिल्यांदा इतका वेळ. "उद्या येऊ नकोस," म्हणाली. "उद्या मला एकटीला बसू दे. मंगळवारी ये."

चपला घालून मी मागे वळून पाहिलं. ती खिडकीपाशी टेबलाला बसली होती, पाठमोरी. वही उघडी होती, शेवटचं पान. लेसच्या तिसऱ्या खोडलेल्या शब्दाखाली बरीच जागा आहे. सरावाचे कागद तिने बाजूला सारले आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

मी दार हळूच लावून घेतलं.